बिननोकरांच्या घरची मेजवानी

११ फेब्रुवारी १९६३ रोजी बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या शैक्षणिक वाहिनीवर 'द फ्रेंच शेफ' या मालिकेचा पहिला भाग दाखवला गेला. पन्नाशीच्या, सहा फूट दोन इंच उंचीच्या ज्युलिया चाइल्ड यांनी त्या दिवशी ब्यफ बुर्गिन्यों, म्हणजे रेड वाइनमध्ये मंद आचेवर शिजणारं गोमांस, करून दाखवलं. मांसाचे तुकडे टिपून अगदी कोरडे केले नाहीत तर ते खरपूस परतले जात नाहीत आणि भांड्यात त्यांची दाटी झाली तर भाजण्याऐवजी नुसते वाफवले जातात, हे चाइल्डबाईंच्या शिकवणीतलं पहिलं सूत्र. या मालिकेच्या प्रत्येक भागाचा शेवट मात्र ओट्यापाशी होत नसे. तयार पदार्थ घेऊन बाई मांडून ठेवलेल्या जेवणाच्या टेबलाशी जात, स्वतः खुर्चीवर बसत, पानात वाढून घेत आणि मगच प्रेक्षकांचा निरोप घेत. स्वयंपाकाच्या कार्यक्रमांच्या इतिहासात या शेवटच्या दोन-तीन मिनिटांकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही. घरच्या घरी, सोप्या रीतीने पाहुणे जेवायला बोलावणं शिकवणारा दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम हा प्रकार लोकांच्या जिभेला नवी चव लागल्यामुळे जन्माला आला, असं सर्रास सांगितलं जातं. माझ्या मते त्याचं मूळ घरातून नोकर गेले यात आहे. जिथे रांधणारी एक, वाढणारी दुसरी आणि पाहुण्यांशी बोलत बसणारी तिसरी होती, तिथे एकच बाई उरली. त्या एकीने आपला वेळ आणि आपला धीर कसा सांभाळायचा, हा या कार्यक्रमांचा खरा विषय होता.

अमेरिकेत हे एका रात्रीत घडलं नाही. एमिली पोस्ट यांचं शिष्टाचारावरचं गाजलेलं पुस्तक १९२२ साली निघालं, तेव्हा त्यातल्या आदर्श मेजवानीत बटलर होता, वाढपी होते आणि यजमानीण पाहुणे आल्यावर स्वयंपाकघराकडे फिरकत नव्हती. ते दशक संपायच्या आतच नव्या आवृत्तीत पोस्टबाईंना 'मिसेस थ्री-इन-वन' नावाचं पात्र आणावं लागलं. ही बाई स्वतःच स्वयंपाकीण, स्वतःच वाढपीण आणि स्वतःच हसतमुख यजमानीण. पुढच्या वीस-तीस वर्षांत हे पात्र अपवाद न राहता नियम झालं. याचं कारण 'हल्ली चांगली माणसं मिळत नाहीत' या मालकिणींच्या तक्रारीत शोधलं तर अर्धंच हाती लागतं. १९३५चा सामाजिक सुरक्षा कायदा आणि १९३८चा किमान वेतनाचा कायदा या दोहोंतून घरकामगारांना वगळलं होतं. म्हणजे म्हातारपणाची सोय नाही आणि कामाच्या तासांना मर्यादाही नाही. १९४० साली अमेरिकेत मिळवत्या कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक दुसऱ्यांच्या घरी राबत होत्या. महायुद्धात कारखान्यांची दारं उघडली आणि ज्यांना शक्य झालं त्या या कामातून बाहेर पडल्या. युद्ध संपल्यावर मालकिणींनी बोलावलं म्हणून परत आल्या नाहीत. एका घरात जी अडचण वाटत होती, ती दुसऱ्या घरातल्या बाईची सुटका होती. पाककलेचा इतिहास लिहिताना ही दुसरी बाजू गाळली जाते, ते मला मोठं वैगुण्य वाटतं. आपल्याकडे कार्यप्रसंगी जावा, नणंदा, शेजारणी पदर खोचून उभ्या राहत. तिथे हे हात पगारी होते, आणि ते गेले तेव्हा त्यांची जागा घ्यायला घरात कोणी नव्हतं.

घरांचे नकाशेही याच सुमारास बदलले. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन गावी फ्रँक लॉइड राइट यांनी जेकब्स कुटुंबासाठी १९३७ साली बांधून पुरं केलेल्या छोट्या घरात स्वयंपाकाची जागा जेवणाच्या जागेला लागूनच होती, कारण त्या घरात नोकर असणार नाही हे धरूनच आराखडा काढला होता. युद्धानंतर उपनगरांतून हजारोंनी उभ्या राहिलेल्या घरांत अशा मोकळ्या रचनेची चाल पडली. आता फोडणी करपली तर पाहुण्यांना वास येणार, भांडं पडलं तर आवाज जाणार आणि यजमानीण घामाघूम झाली तर दिसणार. भिंतीआड चालणारं काम उघड्यावर आलं.

या नव्या अडचणीवर पहिलं उत्तर दिलं ते डबाबंद अन्नाच्या कारखानदारांनी. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला पॉपी कॅनन यांनी 'द कॅन-ओपनर कुकबुक' लिहून डबे फोडूनही रुबाबदार जेवण मांडता येतं असं पटवलं. १९५५ साली कॅम्पबेल कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या स्वयंपाकघरात फरसबी, डब्यातलं मशरूमचं सूप आणि तळलेला कांदा यांचा तो प्रसिद्ध भाजलेला पदार्थ तयार झाला, जो आजही अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर दिसतो. १९६० साली आलेल्या पेग ब्रॅकन यांच्या 'द आय हेट टु कुक बुक'ने तर स्वयंपाकाचा कंटाळा येतो हे उघडपणे म्हणण्याची सोय करून दिली. ब्रॅकनबाईंच्या प्रामाणिकपणाचं मोल मी कमी लेखत नाही. रोज तीन वेळा रांधावं लागणाऱ्या बाईला कोणी तरी तिच्या मनातलं बोलणं गरजेचंच होतं. पण या सगळ्या उत्तरांत 'सोपं' म्हणजे हाताला कमी काम, इतकाच अर्थ होता. पाहुणे आल्यावर उरणारा प्रश्न त्याने सुटत नव्हता. माणसं आठ वाजता दारात उभी आहेत, त्यांच्या हातात पेला द्यायचा आहे, चुलीवर काही तरी आहे आणि बोलण्यात लक्ष हवं आहे. अशा वेळी डबा फोडल्याने दहा मिनिटं वाचतील, पण जीव थाऱ्यावर येईलच असं नाही.

चाइल्डबाईंचं उत्तर निराळं होतं आणि ते आधी पुस्तकात आलं. सिमोन बेक आणि लुइझेत बेर्तोल या दोन फ्रेंच सहलेखिकांबरोबर जवळजवळ दहा वर्षं खपून लिहिलेलं 'मास्टरिंग द आर्ट ऑफ फ्रेंच कुकिंग' ऑक्टोबर १९६१मध्ये बाजारात आलं. सातशेहून अधिक पानांच्या या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच तो कोणासाठी आहे ते सांगितलं होतं: नोकर नसलेल्या अमेरिकन स्वयंपाकीसाठी, आणि तेही जेव्हा कधी पैशाचा हिशोब, वाढतं वजन, मुलांच्या शाळा-खाऊच्या वेळा बाजूला ठेवता येतील अशा प्रसंगांसाठी. म्हणजे रोजच्या स्वयंपाकाचा दावा या लेखिका करतच नव्हत्या. पुस्तकातला सगळ्यात बोलका पुरावा मात्र एका चिन्हात आहे. बऱ्याच कृतींमध्ये मजकुराच्या मधोमध कंसात एक तारका छापलेली आढळते. ती जिथे असेल तिथपर्यंतची तयारी आधी करून ठेवता येते, पुढचं काम जेवायच्या वेळेला. वाचायला ही बाब किरकोळ वाटते. पण पूर्वीच्या पाकपुस्तकांत कृती पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत सलग वाहत जाई, कारण रांधणाऱ्या व्यक्तीला मधेच उठून दार उघडायचं नसे. त्या तारकेमुळे कृतीचे दोन तुकडे झाले: पाहुणे यायच्या आधीचा आणि ते आल्यानंतरचा. यजमानीण आणि स्वयंपाकीण एकच झाल्याची ही छापील कबुली आहे.

दूरचित्रवाणीला हे तंत्र माशाला पाणी मानवावं तसं मानवलं. अडीच-तीन तास ओव्हनमध्ये शिजणारा पदार्थ अर्ध्या तासात दाखवायचा तर त्याच्या निरनिराळ्या अवस्था आधीच करून ठेवाव्या लागतात: एका भांड्यात कच्चं मांस, दुसऱ्यात परतलेलं, तिसऱ्यात शिजून तयार. प्रेक्षकाला ही चित्रीकरणाची सोय वाटावी, पण मेजवानीची व्यवस्था नेमकी अशीच असते. काल काय करून ठेवलं, आज दुपारी काय उरकलं आणि आयत्या वेळी फक्त काय बाकी आहे, याची नजरेसमोर मांडलेली साखळी. ब्यफ बुर्गिन्यों आदल्या दिवशी करून ठेवता येतं आणि गरम केल्यावर त्याची चव आणखी मुरते, हे सांगितल्यावर यजमानणीच्या संध्याकाळचे तीन तास मोकळे होतात. छापील पानावर ही साखळी कल्पनेने जुळवावी लागे. पडद्यावर ती डोळ्यांना दिसली. म्हणूनच मला वाटतं, हा प्रकार रेडिओवर किंवा मासिकात इतका कधीच रुजला नसता.

धीराचा धडा तर पडद्याशिवाय देताच आला नसता. १९६१च्या ऑक्टोबरात डब्ल्यूजीबीएचची इमारत आगीत जळाली होती, त्यामुळे सुरुवातीचं चित्रण केंब्रिजच्या वीज कंपनीच्या प्रात्यक्षिकांसाठी सजवलेल्या स्वयंपाकघरात झालं. चित्रफीत कापणं-जोडणं तेव्हा किचकट आणि खर्चिक असल्यामुळे अर्धा तास जवळजवळ सलग चित्रित होई. चुकलं तर चुकलं. बटाट्यांच्या एका भागात बाईंनी तव्यातली बटाट्याची मोठी टिक्की हवेत उडवून उलटण्याचा प्रयत्न केला. ती नीट परतली नाही, काही भाग बाहेर सांडला. त्यांनी तो उचलून पुन्हा तव्यात बसवला आणि स्वयंपाकघरात तुम्ही एकट्याच असता, कोण बघतंय, अशा अर्थाचं बोलून पुढे गेल्या. पुढे या प्रसंगाचं पार टर्की, कोंबडी नाही तर मासा जमिनीवर पडल्याच्या दंतकथेत रूपांतर झालं. तसं काही कधी घडलं नाही. पण दंतकथा का वाढली हे कळण्यासारखं आहे. प्रेक्षकांनी त्यातला अर्थ बरोबर उचलला होता: चूक होणारच, ती सावरता येते आणि तिचा गाजावाजा करायचा नसतो. पाहुण्यांपुढे पदार्थाबद्दल माफी मागत बसू नये, हे बाईंचं ठाम मत होतं. यजमानीण दिलगिरी व्यक्त करू लागली की तिचं सांत्वन करण्याचं काम पाहुण्यांवर पडतं, आणि मग जेवणाची गोडी जाते. हातातलं काम कमी करण्यापेक्षा हे शिकणं पुष्कळ अवघड आहे, आणि पुष्कळ उपयोगाचंही.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की हे सगळं फ्रान्सच्या वेडाचं प्रकरण होतं. ऑक्टोबर १९५८मध्ये न्यूयॉर्क–पॅरिस जेट विमानसेवा सुरू झाली, १९६१ साली केनेडी दांपत्याने व्हाइट हाऊसमध्ये रेने व्हर्दों हा फ्रेंच शेफ नेमला, आणि सुखवस्तू अमेरिकनांना फ्रेंच पदार्थ करून मिरवायचं होतं. चाइल्डबाईंनी ती हौस भागवली, इतकंच. या म्हणण्यात तथ्य आहे. त्या हवेशिवाय पहिली मालिका इतकी चालली नसती, १९६६ साली एमी पुरस्कार आणि त्याच वर्षी 'टाइम'चं मुखपृष्ठही वाट्याला आलं नसतं. पण हे कारण पुरेसं असतं तर फ्रान्सची नवलाई ओसरल्यावर कार्यक्रमही ओसरायला हवा होता. झालं उलट. १९७८ साली त्याच वाहिनीवर 'ज्युलिया चाइल्ड अँड कंपनी' ही मालिका आली. तिच्या नावात फ्रान्स नाही आणि मांडणीतही पदार्थ मध्यभागी नाही, प्रसंग आहे. वाढदिवसाचं जेवण, साहेबांना घरी बोलावलं तेव्हाचं जेवण, कॉकटेल पार्टी, एकोणीस माणसांचा बुफे, असा एकेक भाग. सोबतच्या पुस्तकात प्रत्येक बेताखाली बाजारहाट काय करायचा, वेळ कशी बसवायची, बेतात बदल काय करता येतील आणि उरलेल्या अन्नाचं काय करायचं याची स्वतंत्र टिपणं आहेत. सतरा वर्षांपूर्वी कंसातल्या तारकेत जे दडलं होतं, तेच आता कार्यक्रमाचा सांगाडा झालं. फ्रेंच शिक्का उतरला तरी आतला विषय शाबूत राहिला, आणि त्या विषयावरच कार्यक्रम उभा होता हे त्यातून सिद्ध होतं, असं मी मानतो.

ब्रिटनचं उदाहरण ताडून पाहिलं की हे आणखी स्पष्ट होतं. तिथे युद्धकाळातलं रेशन ४ जुलै १९५४ रोजी पूर्ण उठलं, आणि पुढच्याच वर्षी फॅनी क्रॅडॉक बीबीसीवर आल्या. त्यांनाही नोकर नसलेल्या मध्यमवर्गाला पाहुणचार शिकवायचा होता. पण त्या मेजवानीच्या पोशाखात ओट्यापाशी उभ्या राहत, मदतनीसांना पडद्यावरच हुकूम सोडत आणि सगळं कसं डौलात, निर्दोष झालं पाहिजे यावर त्यांचा भर असे. नोकर गेले होते, पण मालकिणीचा तोरा त्यांनी जपून ठेवला होता. वीस वर्षं तो खपला. १९७६ साली 'द बिग टाइम' या कार्यक्रमात डेव्हनमधल्या ग्वेन ट्रोक या गृहिणीने लंडनमधल्या मोठ्या मेजवानीसाठी आखलेला बेत क्रॅडॉकबाईंनी कॅमेऱ्यासमोर तोंडं वेडीवाकडी करून धुडकावला, तेव्हा प्रेक्षक खवळले आणि बीबीसीवरची त्यांची कारकीर्द तिथेच आटोपली. शैली जुनी झाली म्हणून हे घडलं असं म्हणता येईल, पण मला त्यात निराळं काही दिसतं. एकटीने सगळं निभावणाऱ्या बाईला पडद्यावरच्या शिक्षिकेकडून आधार हवा होता. तिचा पाणउतारा करणारी शिक्षिका म्हणजे जुन्या घरातली मालकीणच परत आली, असं लोकांना वाटलं असावं.

सगळ्यात वजनदार आक्षेप स्त्रीवादी बाजूने येतो, आणि तो झटकून टाकता येत नाही. पहिला भाग दाखवला गेल्यानंतर आठच दिवसांनी, १९ फेब्रुवारी १९६३ रोजी, बेटी फ्रीडन यांचं 'द फेमिनाइन मिस्टिक' प्रसिद्ध झालं. सुशिक्षित बायका घरात कशा कोंडल्या गेल्या आहेत हे फ्रीडन सांगत असताना दुसरीकडे पडद्यावर तीन तासांची गोमांसाची कृती शिकवली जात होती. पगारी नोकराचं काम बिनपगारी गृहिणीच्या गळ्यात घालून त्याला कला म्हणायचं, हा उद्योग नव्हे काय? शिवाय खुद्द चाइल्डबाई पडद्यावर दिसत तितक्या एकट्या नव्हत्याच. सामान वाहून आणणं, भांडी घासणं यात त्यांचे पती पॉल राबत होते, स्वयंसेवक होते, आणि चित्रण चालू असताना ओट्याखाली दडून हवी ती वस्तू वर सरकवणारी माणसंही होती. नोकराशिवाय कसं जमवावं हे दाखवणारा कार्यक्रम अदृश्य मदतनीसांच्या बळावर चालत होता. स्वयंपाकाचा मिनिटा-मिनिटाचा हिशोब देणारे हे कार्यक्रम पाहुणे गेल्यावरच्या खरकट्या भांड्यांबद्दल जवळजवळ गप्प असतात, हाही दोष खराच.

हे सगळं मान्य करूनही मला दोन गोष्टी नोंदवाव्याशा वाटतात. एक, काम गृहिणीवर ढकललं कोणी याचं उत्तर काळाच्या क्रमात आहे. 'मिसेस थ्री-इन-वन' १९२०च्या दशकातली, मोकळी स्वयंपाकघरं तीस-चाळीसच्या दशकांतली. कार्यक्रम आला तेव्हा ओझं आधीच तिच्या खांद्यावर होतं, आणि ते नीट बांधून कसं उचलावं एवढंच त्याने सांगितलं. दोन, टेबलाशी जाऊन बसण्याची ती शेवटची तीन मिनिटं. पूर्वीची स्वयंपाकीण आपण रांधलेल्या मेजवानीला कधी बसली नाही. आणि मराठी घरांतही रांधणाऱ्या बाईची पंगत शेवटची असे. रांधणारीने पाहुण्यांबरोबर, गरम असताना, स्वतःला वाढून घेऊन जेवायचं हे दर आठवड्याला लाखो लोकांपुढे करून दाखवणं ही त्या काळात साधी बाब नव्हती. फ्रीडन यांच्या पुस्तकाने जे मागितलं त्याच्या तुलनेत हे थोडं आहे. पण थोडं म्हणून ते उलट दिशेचं ठरत नाही.

लोक बघतात पण करत नाहीत, हा त्यानंतरचा आक्षेप. मायकेल पोलन यांनी २००९ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या मासिकात लिहिलेल्या दीर्घ लेखात हेच दुखणं मांडलं: स्वयंपाकाचे कार्यक्रम वाढत गेले आणि घरी रांधण्याचा वेळ साठीच्या दशकापासून निम्म्यावर आला. स्पर्धांच्या, घड्याळ लावून चालणाऱ्या आजच्या कार्यक्रमांना हे चपखल लागू पडतं. पाहुणचाराच्या कार्यक्रमांचं मोजमाप मात्र रोजच्या स्वयंपाकाच्या मिनिटांत करता येणार नाही, कारण त्यांचा विषयच अधूनमधूनचा प्रसंग हा होता. २००२ साली फूड नेटवर्कवर सुरू झालेल्या आयना गार्टन यांच्या 'बेअरफूट कॉन्टेसा'कडे पाहावं. गार्टनबाई आधी व्हाइट हाऊसच्या अर्थसंकल्प कार्यालयात अणुऊर्जेच्या कागदपत्रांवर काम करत. १९७८ साली नोकरी सोडून लाँग आयलंडवर त्यांनी तयार खाद्यपदार्थांचं दुकान घेतलं. त्यांच्या कार्यक्रमात बहुतेक भागांना कोणी तरी जेवायला येणार असतं, आणि एखादी गोष्ट दुकानातून विकत आणली तरी चालेल असं त्या मोकळेपणाने सांगतात. कॅननबाईंचा डबा आणि चाइल्डबाईंची पूर्वतयारी या दोन वाटा इथे एक झाल्या. फरक एवढाच की विकतचं काय आणि घरचं काय हे आता यजमानीण ठरवते, कारखाना ठरवत नाही.

चाइल्डबाईंचं केंब्रिजमधलं राहत्या घरातलं स्वयंपाकघर २००१ साली जसंच्या तसं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेलं. नव्वदच्या दशकातल्या त्यांच्या मालिका तिथेच चित्रित झाल्या होत्या. ओटे त्यांच्या उंचीला पुरावेत म्हणून नेहमीपेक्षा दोन इंच उंच, आणि भिंतीवरच्या फळ्यांवर पॉल यांनी प्रत्येक भांड्याची बाह्यरेषा काढून ठेवलेली. त्यामुळे पहिल्यांदा आलेल्या माणसालाही कुठलं भांडं कुठे टांगायचं ते विचारावं लागत नसे. या घराला स्वतंत्र जेवणघर होतं, तरी मोठं टेबल स्वयंपाकघराच्या मधोमध मांडलेलं होतं. पाहुणे तिथेच बसत, आणि बाई त्यांच्या हातात सुरी देऊन भाज्या चिरायला लावत.